चार्टवरचं वय

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. रेल्वेच्या रिझर्व्हेशनच्या फॉर्मवर ताईचं वय एकतीस असं चुकून पडलं नाही. मी ते लिहिलं. विचार करून, वर दोनदा गिरवून.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही डोंबिवलीत राहायचो, मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कारकून होतो. ताईला ठाण्याचं एक स्थळ आलेलं आणि जवळजवळ जमलेलंही. फक्त पुण्याला मुलाच्या मोठ्या आत्या होत्या, त्यांनी मुलगी पाहायची राहिली होती. आत्यांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून आपणच जाऊ असं ठरलं. आई, बाबा, ताई, मी, आणि त्यांच्याकडून मुलगा व त्याचे वडील. एका फॉर्मवर सहाच नावं मावतात, आपण नेमके सहा, हा आईला शुभशकुन वाटला.

तिकिटं काढायचं काम माझ्याकडे. मुलाच्या वडिलांना आमच्या घरी आतापासूनच व्याही म्हणायला लागलेले. त्यांनी एका चिठ्ठीवर स्वतःची आणि मुलाची वयं पाठवली आणि खाली सूचना. खिडकी हवी. तोंड गाडीच्या दिशेने हवं. संडासापासून लांब. खानपानाचा डबा जवळ, पण तळणाचा वास येईल इतका जवळ नको.

आमची अडचण वेगळीच होती. स्थळांच्या बाजारात ताई गेली तीन वर्षं अठ्ठावीसचीच होती. त्या लोकांना तिशीच्या आतली मुलगी हवी होती. मी निघताना बाबा चपला घालून माझ्यासोबत जिन्यापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "अरे, ताईचं अठ्ठावीसच लिही हं. ते चार्टवर छापून येतं."

कल्याणला रांगेत दीड तास उभा होतो. दीड तासात माणसाच्या मनात काय काय येतं! ताई गेली तर सकाळी साडेपाचला माझ्या पोळ्या कोण लाटणार? मी उशिरा आलो की "तो मगाशीच आलाय" असं बाबांना कोण सांगणार? यापलीकडचंही काहीतरी होतं, पण ते मला तेव्हा बोलता येत नव्हतं आणि आताही धड येत नाही. पोळ्यांचं कारण सोपं पडलं. मी एकतीस लिहिलं. खाली व्याह्यांच्या चिठ्ठीवरची दोन वयं आकड्यांकडे लक्ष न देताच उतरवून काढली.

खिडकीतल्या बाईंना सूचना वाचून दाखवल्या, तर त्या म्हणाल्या, "अहो, गाडी आहे ही. लग्नाचा हॉल नाही."

ठरल्या दिवशी सगळे कल्याणला गाडीत चढलो. मिळालेल्या खिडकीचं तोंड उलटं होतं. "म्हणजे मी पुण्याला पाठमोरा जायचं?" व्याह्यांनी विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पांढऱ्या कोटातला वेटर कटलेट घेऊन आला, तर व्याह्यांनी तेल कोणतं, ऑम्लेटही त्याच तव्यावर होतं का, अशी उलटतपासणी घेतली. शेवटी वेटर म्हणाला, "काका, तुम्ही कर्जतला वडाच खा."

कर्जतला घाट चढायला मागे इंजिनं जोडतात, त्यामुळे गाडी जरा थांबते. व्याही वड्यासाठी उतरले. हा माणूस लिहिलेलं काहीही वाचायचा. "थुंकू नये" हेसुद्धा शेवटपर्यंत. दाराशेजारी चिकटवलेला चार्ट त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. मी हातात वड्यांचा पुडा घेऊन पाहत होतो.

"आमचं नाव... पुरुष, एकसष्ट. बरोबर." त्यांचं बोट वर सरकलं. थांबलं.

बाबा लगबगीने उतरले. चष्मा लावला आणि ताईची ओळ पाहिली. मग त्यांचंही बोट सरकलं, खाली. मुलाच्या ओळीवर. आम्हाला मुलगा तेहतीसचा सांगितलेला. तिथे छत्तीस छापलेलं. सरकारी कागदावर खोटं लिहायचं नाही हा व्याह्यांचा बाणा. स्थळाच्या टिपणाला त्यांनी तो लावला नव्हता, एवढंच.

दोघं त्या कागदासमोर शेजारी शेजारी उभे राहिले.

"रेल्वेवाले काहीही छापतात," व्याही म्हणाले.

"काहीही," बाबा म्हणाले. "तुमचं-माझं तेवढं बरोबर छापलंय."

व्याह्यांनी घसा खाकरला. "मिरची घ्या ना."

मुलगाही खाली उतरून वाचून आला आणि ताईच्या समोर बसला. कानापर्यंत लाल. "तुम्ही वाचलंत का?"

"कल्याणला चढतानाच," ताई म्हणाली. "तुमचे तीन, माझे तीन. फिट्टंफाट."

तो इतक्या जोरात हसला की आई दचकली. खंडाळा येईपर्यंत दोघांचं बोलणं थांबलं नाही. पुढे आत्या काय म्हणाल्या याला फारसा अर्थ उरला नव्हता. त्या हो म्हणाल्या. मी जे मोडायला गेलो होतो ते माझ्याच हाताने पक्कं झालं.

परतीच्या गाडीत आईने विषय काढलाच. "पण खरं वय लिहायला सांगितलं कुणी?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाबा म्हणाले, "मी सांगितलं. सरकारी कागद आहे तो."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यानंतर कधी विचारलंही नाही.

तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात आई हा किस्सा सांगते. "मेलं यांना खोटं म्हणून बोलता यायचं नाही!" सगळे हसतात, ताईसुद्धा. मीही हसतो. बाबा होते तोवर पानातली जिलबी मोडत बसायचे. ताईच्या वयाचं सोडलं तर मला माहीत असलेलं त्यांचं एकच खोटं, आणि ते माझ्यासाठी होतं.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आई आहे, ताई ठाण्याला सुखात आहे. बाबांनी अठ्ठावीसच लिहायला सांगितलं होतं, एकतीस मी लिहिलं आणि का लिहिलं, हे त्या दोघींना सांगायचं माझ्याकडे राहिलंय.