पहिल्या नंबरची चप्पल

माही बुढी, म्हणजे बायको, बाजूलेच वालाच्या शेंगा सोलून राहिली, तरी हे तिलेही ठाऊक नाही. कोणालेच नाही. तुमालेच सांगतो.

मी नांदगाव खंडेश्वरकडचा, भाजीपाला पिकवणारा. शाळा चौथीत सोडली, पण कोणापुढं वाकलो नाही. बीपीच्या गोळ्यांसाठी अमरावतीच्या एका दवाखान्यात जातो — कोणत्या, ते राहू द्या. दार उघडायच्या आधी लोक तिथं नंबरात चपला ठेवत अन् झाडाखाली बसत. पहिली चप्पल माही! पहिल्या एसटीनं जाऊन ठेवायचो. हसाल तुमी. पण म्हाताऱ्याजवळ दुसरं काय मोठेपण असते?

मग अकोल्याची एक सिस्टर आली. तिनं बाक मांडला. नुसत्या गोळ्या न्याले आलेल्यांनी बाकावर बसायचं. तिथंच बीपी पाहायचा, बरा निघाला की सरळ औषधाच्या खिडकीवर. ताप, धाप, लेकरंवाल्या — ते आधी डॉक्टरकडं.

"चपला पायात घाला," म्हणे. "चपलेले बीपी नसते, बाबाजी!"

सारे हसले. मीही हसलो — वरून.

तिचं चुकलं होतं का? नाही. जेवायच्या वेळेले मी घरी पोचत होतो. तरी आतून जळत होतो. एक दिवस तिनं धाप लागलेल्या बाईले सगळ्यांच्या आधी आत नेलं. माह्याही आधी. अन् मी मोठ्या डॉक्टरकडं गेलो अन् — लिहितोच आता — सांगितलं, सिस्टर नात्यातले लोक आधी घुसवते.

ती बाई तिची कोणी नव्हती. मले ठाऊक होतं.

"पक्कं?" डॉक्टरनं विचारलं.

"या डोळ्यानं पाहिलं."

पांढऱ्या केसांवर त्यानं भरवसा ठेवला. सिस्टर वार्डात गेली, बाक उठला, चपला परत आल्या. माही पहिली.

पुढं बुढीले चक्कर येऊन राहिली. तिले सांभाळत नेता नेता पहिली एसटी हुकली, अन् आमची चप्पल पार मागं. दुपारपर्यंत बुढी भिंतीले टेकून खाली बसली.

"ती अकोल्याची पोरगी कुठी गेली वो? तिनं असं बसू दिलं नसतं."

तेव्हा तरी डॉक्टरकडं गेलो का? नाही. लोकांनीच गलका केला, सिस्टरले परत आणलं. मी त्या गर्दीत मागं उभा होतो, बस.

आता बाक आहे. चक्करवाल्या बुढीचा नंबर आधी लागते. मीही लवकर सुटतो, मजेत घरी येतो. सिस्टरले सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी नेतो, ती खुश होते. परवा बीपीचा पट्टा बांधता बांधता नव्या सिस्टरले म्हणाली, "हे आमचे बाबाजी. मले परत आणाले हेच लोकांसंगं उभे होते बरं!"

मी मान डोलावली.

"हात ढिला सोडा, बाबाजी."

हात सोडला. तोंड उघडलं नाही.