वर्साचो कोंबो

भाटकाराच्या घरापुढच्या खळ्यात मी पालथी पडले. कुणीतरी टेपरेकॉर्डर बंद केला. मग सगळ्यांचं हसणं नीट ऐकू आलं.

मे महिना. मुंबईहून पाहुणे आले होते आणि पाहुण्यांना गंमत हवी होती. भाटकाराच्या मुलाने माझ्या काखेतला कोंबा ओढला, हवेत उडवला आणि मला म्हणाला, पकड. मी धावले. लुगडं पायात आलं. गुडघा फुटला, तोंडात माती गेली. मान वर केली तर कोंबा केळीपाशी उभा राहून माझ्याकडेच बघत होता. माझाच कोंबा होता तो. अंड्यातून बाहेर पडल्यापासून माझ्या हातचे दाणे खाऊन मोठा झालेला.

आमचं घर भाटकाराच्या माडांच्या जागेत. म्हणून वर्षाला एक कोंबा त्याचा. वर्साचो कोंबो. नुसता नेऊन द्यायचा नाही, त्याच्याच मागीलदारी बसून कापायचा, सोलायचा, तुकडे करून द्यायचे. मग कुंपणाच्या दगडावर केळीच्या पानात आमचा वाटा यायचा. मुंडकं, पाय, आतडी. माझा हात लागलेलं मटण पाणी शिंपडलं की त्यांना चालायचं. माझा हात लागलेला तांब्या मात्र चालायचा नाही. वा रे सोवळं! सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरातले देव उतरवले. देव सुटले, भाटकार सुटला नाही. सासरे गेल्यावर कोंबा सासू नेऊ लागली, तिचे गुडघे गेल्यावर मी. नवरा गोव्यात बांधकामावर.

भाटकार खुर्चीतून म्हणाला, "हाक मार गो तेका. तुझी हाक वळाखता तो."

मी मारली. काय करणार? बा बा बा. आणि तो आला. एवढ्या माणसांतून, पंख पसरून, धावत माझ्याकडे आला. पोरांनी टाळ्या पिटल्या. मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याला काखेत घेतलं, तर त्याचं काळीज माझ्या बरगडीवर धडधडत होतं. 

भाटकाराचा मुलगा म्हणाला, "मान अर्धीच काप आणि सोड. मुलांना बघू दे, कसा नाचतो."

माझ्या आईने मला कोंबडी कापायला शिकवलं होतं. आदल्या रात्रीपासून दाणे द्यायचे नाहीत, पाणी द्यायचं. काळोखात पाटीखाली ठेवायचं, म्हणजे ती शांत होते. दुसऱ्या कोंबड्यांच्या डोळ्यांसमोर कापायचं नाही. डोळ्यांवर फडका, सुरीला धार, आणि एकच घाव. जीव जाईपर्यंत हात सोडायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हात थरथरत असेल तर मानेला हात लावायचा नाही. आई म्हणायची, "आपण खातंव तेचो जीव. तेका भिववन मारू नये."

माझा हात थरथरत होता. सुरी धरवत नव्हती.

"आबानूं, माझो हात थरथरता," मी भाटकाराला म्हटलं. "मी कापूचंय नाय."

हसणं थांबलं. भाटकार खुर्चीतून उठला नाही की त्याने आवाज चढवला नाही. तेच जास्त भीतीचं होतं.

"घर कोणाच्या जागेत आसा, ठावक आसा मा तुका?"

"आसा."

"मगे सकाळी कोंबो कापून हय होयो. नायतर घर खाली करा."

मी कोंबा घेऊन निघाले. पाठीमागे कुणी येतंय असं पाणंदभर वाटत राहिलं. वळून बघायची छाती झाली नाही. माडाचं झावळ पडलं तरी मी पावलं भरभर टाकायचे. घराचं कूड दिसलं तेव्हा वाटलं, हे उद्या असेल का? दोन खोल्या, एक खुराडं, एक न्हाणी. दुसरं होतं काय आमचं?

सासूने सगळं ऐकलं. परत जा, पाया पड, म्हणाली. तिचं तरी काय चुकलं? ती जन्मभर पाया पडत आली म्हणून ते कूड उभं होतं. मी कोंबा पाटीखाली ठेवला आणि शेजारी बसून राहिले. ऊन उतरलं. तो पाटीखाली गप्प झाला. माझा हात गप्प व्हायला जास्त वेळ लागला.

मी नाही कापला तर सकाळी ते येणार, धरून नेणार, अर्धा कापून नाचवणार. हे मला लख्ख दिसत होतं. दिवस बुडायच्या आधी मी सुरीला धार लावली. घरामागे गेले, फणसाच्या आडोशाला. काखेत घट्ट धरला, डोळ्यांवर फडका टाकला, पाठीवरून हात फिरवला. बा बा, म्हटलं. एक घाव. पंख दाबून धरले, तो निवेपर्यंत धरले. रडले, खोटं कशाला सांगू? मग गरम पाण्यात बुडवला, पिसं काढली, माडाच्या सुक्या चुडताच्या जाळावर भाजला, हळद चोळली, आडाळ्यावर बसून त्याच्या पात्यावर तुकडे केले. खोबऱ्याचं वाटप वाटलं. घरभर वास सुटला तशी सासू घाबरून कवाड लावायला उठली.

मी सासूला तंगडी वाढली. तिने ती परत टोपात टाकली आणि मुंडकं घेतलं. न बघता. हाताला सवयच ती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ते मुंडकं तिच्या ताटातून काढलं, तंगडी ठेवली.

"खा आये. कोंबो आमचो."

ती खात होती, रडत होती, आणि कान कवाडाकडे होते. माझेही.  तरी आम्ही टोप पुसून खाल्ला.

सकाळी भाटकाराचा गडी आला. मी उंबऱ्यात उभी राहिले. हाताने चौकट धरली.

"आबांनी कोंबो मागल्यानी हा," तो म्हणाला.

"कोंबो आमी खाल्लो," मी म्हटलं. "आता वर्साचो कोंबो बंद. आबांका सांग, घर मोडूचा असात तर मोडा. मी भितुरच आसंय."

तो आला तसा गेला. मी कवाड उघडंच ठेवलं आणि आत चुलीपाशी बसले. त्या दिवशी कोण येईल आणि काय मोडेल, मला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की माझी हाक ऐकून धावत येणारा जीव मी पुन्हा कुणाच्या खळ्यात नेणार नाही. आणि दगडावरचं पान उचलायला आमच्या घरातून कुणी जाणार नाही.