चार आणे भुलले

गणपतमामांची आणि माझी ओळख भर रस्त्यात झाली आणि माझ्या अपमानाने झाली. सत्तरचं दशक निम्मं उलटलं होतं. लाखनीकडचा मी, तुमसरच्या एका हायस्कुलात नुकताच मास्तर म्हणून रुजू झालो होतो. धानबाजाराजवळच्या हॉटेलात पहिल्यांदाच आलूबोंडा खाल्ला, चहा घेतला आणि बडीशेपेच्या बशीत चार आणे टाकून मोठ्या ऐटीत बाहेर पडलो. दहा पावलं गेलो नसेन, तोच मागून खणखणीत आवाज आला, "गुरुजी, तुमचे चार आने भुलले." खांद्यावर फडकं टाकलेला, पन्नाशीचा एक उंच माणूस पायरीवर हात पुढे करून उभा होता. मी हसून म्हणालो, "भुललो नाही, तुमच्यासाठी ठेवले." तो म्हणाला, "माह्यासाठी ठेवले तं भुललेच समजा. या, घेऊन जा." हमाल, बैलगाडीवाले, पानठेल्यावर उभे असलेले दहा-वीस लोक, सगळे बघत होते. मी परत गेलो आणि चार आणे घेतले.

खिशातल्या लाल पेनावरून त्यांनी मला गुरुजी ओळखलं होतं. हे त्यांचं कामच होतं म्हणा. तेव्हा आमच्याकडच्या हॉटेलात बिल लिहून देत नसत. गिऱ्हाईक उठून गल्ल्याकडे निघालं, की वेटर जागेवरूनच ओरडून आकडा सांगे. बाकीचे नुसता आकडा सांगत, मामा माणसाची खूण जोडत. "लाल टोपी, एक रुपया दहा." "फाटकी छत्री, बारा आने." एका मिलवाल्याला त्यांनी "उधारीचा कोट" म्हटलं होतं, तो पुन्हा कधी कोट घालून आला नाही. आणि बशीत कोणी काही ठेवलं, तर तेही त्याच सुरात रस्ताभर ऐकू जाई.

मी पंधरा दिवस त्या हॉटेलात पाय ठेवला नाही. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, चूल न पेटवणाऱ्या मास्तराचा राग भुकेपुढे किती टिकणार? पुन्हा गेलो. चहा ठेवताना मामांना विचारलं, "लोक खुशीनं देतात, घ्यायला तुमचं काय जातं?"

"खुशी तुमची, खिसा शेठचा," ते म्हणाले. शेठ गल्ल्यावर चार हातांवर बसला होता, तरी त्यांनी आवाज लहान केला नाही. "पयले महिन्याचे साठ देत होता. मंग पाह्यलं का बशीत पैसा पडते. तं म्हने, तुमाले वरून भेटते, चाळीस पुरेत. आता तीसवर आनलं. तुमी चार आने टाकले का त्याचे चार आने वाचले. मले कायचे देता? त्याले देऊन राहिले तुमी. आन् वरून तुमाले राम राम घालाचा मीनं."

मी शेठकडे पाहिलं. तो उदबत्ती लावत होता. उन्हाळ्यात चौकात पाणपोई घालणारा, देवळाला घंटा देणारा माणूस. गावात त्याला दानशूर म्हणत. ज्यांच्या ताटातलं काढून तो दान करत होता, ते चार वेटर त्याच देवळात जाऊन ती घंटा वाजवत. मला त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

मामांना गोड बोलता येत नसे. एखादा जेवून झाल्यावर टेकून बसला, की म्हणत, "उठा जी. टेबल तुमच्या बापाचं नाई, माह्याबी बापाचं नाई." कुणी चुटकी वाजवून बोलावलं, तर तिकडे पाठ करून उभे राहत. "हात भाड्यानं देल्ले हायेत, मान नाई देल्ली," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पण हमाल जेवायला बसला, की भाताचा ढीग न मागता वाढत, आणि शेठने पाहिलं तर शेठकडेच रोखून पाहत.

त्या वर्षी आषाढीनंतर त्यांनी बाकीच्या तिघांना एक केलं. बशीतलं कोणीच घ्यायचं नाही, साठ रुपये पुन्हा सुरू होईपर्यंत. नाही झाले, तर दिवाळीला चौघांनीही काम सोडायचं. दिवाळीनंतर धान बाजारात येतं आणि बसायला जागा मिळत नाही इतकी गर्दी होते, हे शेठलाही ठाऊक होतं. मग काय, रस्त्यावर रोज चार आवाज. "पानवाले, तुमचे दहा पैसे भुलले." "मुनीमजी, तुमची पावली भुलली."

गिऱ्हाईकं चिडली. हे मला आजही समजत नाही, आणि समजतं म्हणूनच अंगाची लाही होते. पगार कापणाऱ्या शेठवर कोणी चिडलं नाही. दहा पैसे परत करणाऱ्या वेटरवर चिडले. "माज आला लेकाच्यांना," असं मी माझ्याच मुख्याध्यापकांच्या तोंडून ऐकलं. दहा पैशांत त्यांना रोज एक वाकलेला माणूस मिळत होता, तो बंद झाला होता. तरी महिनाभर चौघे टिकले, आणि शेठ नरमला. म्हणाला, "पोळा होऊ द्या, मंग पाहू." मामा मला म्हणाले, "पाहू म्हनते म्हनजे देते."

पोळ्याला मामा बैल सजवायला गावी गेले. आमच्याकडे बैल घेऊन दारात येणाऱ्याला बोजारा देतात, थोडे पैसे, सणाचा मान म्हणून. मी शेतकऱ्याच्या घरचा. गावी जाता आलं नव्हतं, बैलांना ओवाळलं नव्हतं, मन भरून आलं होतं. जेवायला गेलो, तर बाकीचे तिघे सणाच्या दिवशीही फडकी मारत होते. त्यातल्या शामरावला तीन मुली. मी दोन रुपये काढून त्याच्या हातात ठेवले. "शामराव, हे बक्षीस नाही. बोजारा आहे." शामराव घुटमळला. पण बोजाऱ्याला नाही म्हणत नाहीत. त्याने कपाळाला लावले आणि खिशात टाकले. उरलेल्या दोघांनाही मी दिले.

बघताबघता बाकीच्या टेबलांवरचे हातही खिशात गेले. महिनाभर कोंडलेले दानशूर सगळे. "घे रे, बोजारा घे." बशा भरल्या, आणि घेतल्याही गेल्या. शेठ गल्ल्यावरून सगळं बघत होता. मला तर वाटत होतं, आज आपण काही चांगलं केलं. असल्या वेळी माणसाला कोणी कान धरून बाहेर काढलं पाहिजे. पण तो काढणारा गावी होता.

तिसऱ्या दिवशी मामा शाळेच्या फाटकाशी उभे होते. मधली सुटी होती. त्यांनी राम राम केला नाही.

"बोजारा कोनाले देतेत, गुरुजी?"

"बैल घेऊन येणाऱ्याला."

"शामरावनं बैल आनला होता का?"

मी फाटकाची कडी उगाच लावली आणि काढली.

"नाई न? मंग शामरावच बैल झाला," ते म्हणाले. "सकाळी शेठ म्हने, सनाच्या दिवशी घेतलं तं रोज काहून नाई? माहा मानूस उपाशी नाई, त्याले वरून भेटते. आता थे तिघं बोलाले तयार नाईत. पोटात गेलेलं कोन वापस काढते?"

"मामा, मी चांगल्या मनानं—"

"ठाऊक हाय," एवढंच म्हणून ते गेले.

त्याच संध्याकाळी शेठने त्यांना काढलं. खांद्यावरचं फडकं त्यांनी गल्ल्यावर टाकलं, आणि पायरी उतरताना स्वतःचाच हिशेब स्वतः ओरडून सांगितला, "गनपत, बारा वर्सं." कोणी उठलं नाही. मीही तिथेच, दुसऱ्या टेबलावर बसलो होतो. शेठशी भांडायचं, निदान तिथलं जेवण सोडायचं, एवढं तरी माझ्याच्याने व्हायला हवं होतं. मी जेवण संपवलं आणि पुढे दोन वर्षं तिथेच जेवलो. आज हॉटेलात बसलो, की वेटरला मी आधी पगार विचारतो, मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात. माझी मुलं टेबलाखालून पाय मारतात. पण तेव्हा जिथे आवाज काढायचा होता, तिथे तो निघाला नव्हता.

मार्गशीर्षात एका रविवारी त्यांच्या गावी गेलो. खिशात पाकीट होतं, पाकिटात पन्नास रुपये. भरपाई म्हणून. दोन एकरांच्या तुकड्यावरचं धान खळ्यावर आलं होतं, बैल फिरत होते, मामी आणि दोन शेजारी कामाला होते. मामांनी "या" म्हटलं, पाणी दिलं. हॉटेलचा विषय त्यांनी काढला नाही. निघताना त्यांनी सूपभर धान माझ्या पिशवीत ओतलं.

"हे कशाला, मामा?"

"खळ्यावर आलेला मानूस खाली हातानं जात नाई. तुमी म्हनून नाई, कोनीबी येवो. हे बक्षीस नोहे. रीत हाय."

मला राहवलं नाही. "बोजारासुद्धा रीतच होती."

"होती," ते म्हणाले. "पन महिनाभर आमी उपाशी होतो, तवा तुमी शेठले एक शब्द बोल्ले नाई. आन् रीत बराबर आठोली."

ते बैलांकडे वळले तसं मी पाकीट हळूच रिकाम्या सुपाखाली सरकवलं आणि शेताच्या धुऱ्यावरून चालू लागलो. वीसेक पावलं गेलो असेन. मागून तोच आवाज आला, खळंभर, शेतभर.

"गुरुजी, तुमचे पन्नास रुपये भुलले."

शेजारी काम थांबवून बघत होते. मी परत गेलो. मामांनी पाकीट माझ्या हातात ठेवलं, आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाले, "तुमी मानूस चांगले आहा, गुरुजी. थेच तं दुखनं हाय."

पुढे पाच-सहा वर्षांनी मामा गेले. शेठही गेला, आणि त्याच्यावरचा माझा राग कधीच विझला. पोळ्याला बोजारा वाटणाऱ्या त्या चांगल्या माणसाचा राग मात्र मला अजून येतो.