सकाळची विचारपूस

रोज ऑफिसात आलो की मी आधी सर्व्हरची विचारपूस करतो. मेल, हजेरी, अशा त्यावर चालणाऱ्या एकेका सर्व्हिसचं नाव टाइप करायचं, एंटर दाबायचं आणि 'चालू आहे' असं उत्तर येईपर्यंत पडद्यावरून नजर हलवायची नाही. नववीतून शाळा सोडलेल्याला कंपनीनं इथे बंगळुरात या खुर्चीवर बसवलं, हे उपकार मी विसरत नाही; म्हणून ती जाण्याची भीतीही जात नाही.

नेमका त्याच वेळी शेजारच्या प्रशांतला साताऱ्याहून आईचा फोन येतो. झोप लागली का, खाल्लंस का, खोकला गेला का. तो वैतागून "हो गं, हो गं" करतो आणि माझा जीव जळतो. माझ्या घरून फोन येतो तो काही अडलं तरच. सगळं सुरळीत असतानाही कुणी रोज विचारावं, हे सुख या यंत्राच्याही नशिबी आहे.

काल प्रशांतचा फोन स्पीकरवर होता. "आणि तुझ्या शेजारी बसतो त्या पोरानं खाल्लं का रे काही?"

मी पटकन मान वर केली.

"खाल्लंय गं त्यानं," माझ्याकडे न बघताच प्रशांत म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मी उपाशीच होतो. पुढच्या सर्व्हिसचं नाव टाइप केलं आणि तिच्या उत्तराची वाट बघत बसलो.