पोशेऱ्याचं गवत आणि सरांचं नाक

देवानं आमच्या सरांचं आधी नाक घडवलं आणि उरलेल्या मातीत बाकीचे सर उरकले, असं माझं ठाम मत आहे. जव्हारच्या कॉलेजात ते रसायनशास्त्राचे विभागप्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालची शिक्षिका. पण बाजारात त्यांची ओळख नाकावरून. कोथिंबिरीची जुडी ते बघत नसत, हुंगत. एका लग्नात तर भर पंगतीत त्यांनी श्रीखंडाचा वास घेतला आणि वाढायला आलेल्या वधूपित्याला, वेलदोडा गेल्या वर्षीचा आहे, असं अगदी प्रेमानं सांगितलं. तो बिचारा हात जोडून उभा! प्रयोगशाळेत कुठलंही द्रव्य आधी ते हुंगणार, मग परीक्षानळीची पाळी. आम्हा बाकीच्यांना हुंगायची परवानगीच नव्हती.

दुसरं वेड बाटल्यांचं. होमिओपॅथीच्या, अत्तराच्या, डोळ्यांत घालायच्या औषधाच्या चिमुकल्या बाटल्या ते गरम पाण्यानं धुऊन, लेबल खरवडून खणात भरून ठेवत. आणि तिसरी ती लवंग. एक दाढ कधीची हलत होती, ती काढायची म्हटलं की म्हणत, "दाढ माझी आहे, डॉक्टरची नाही." मग दिवसभर डाव्या गालात लवंग, आणि फारच ठणकलं तर खणात लवंगेचं तेल.

निवृत्तीच्या वर्षी त्यांनी एकच ध्यास घेतला. इथल्या मातीतल्या गवती चहाचं तेल काढायचं, त्यात सिट्राल किती आहे ते तपासायचं आणि लिंबासारख्या वासाच्या त्या सिट्रालवर अभिक्रिया करून व्हायोलेट फुलाचा वास तयार करायचा. आता व्हायोलेट हे फूल जव्हारात कोणी पाहिलेलं नाही, सरांनीही नाही. मग जमलं हे कळणार कसं, असं मी विचारलं. "नाकाला कळेल," सर म्हणाले.

गवत आलं आमचे प्रयोगशाळा परिचर काशिनाथभाऊ यांच्या, मोखाड्याच्या वाटेवरच्या पोशेरा गावातल्या अंगणातून. दिवसभर वाफ सोडून चमचाभर पिवळं तेल निघालं, ते सरांनी खणातल्या एका बाटलीत भरलं. त्यातलं थोडं सरांनी शहरातल्या एका प्रयोगशाळेत पृथक्करणाला पाठवलं. अहवालात सिट्राल भरपूर होतं, आणि शेजारी युजेनॉल! ते लवंगेत असतं, गवती चहात त्याचं काय काम? काही मिसळलं असेल का, असं मी भीत भीत म्हटलं. सरांनी उरलेलं तेल डोळे मिटून हुंगलं. वासात लवंगेचा मागमूस नाही, म्हणजे ही गवताचीच करामत, ही नवीच जात, असा निकाल दिला. जातीचं नाव 'पोशेरी' ठरलं, शोधनिबंध लिहायला घेतला, त्यावर काशिनाथभाऊंचं नाव स्वतःच्या आधी घातलं. काशिनाथभाऊंनी त्या ठोंबाला शेळ्यांपासून वाचवायला काट्यांचं कुंपण केलं. लोक ते बघायला येऊ लागले.

मग एका दुपारी दाढ ठणकली. सरांनी लवंग तेलाच्या बाटलीसाठी खण उपसला, ती सापडेना. हळूहळू त्यांची नजर टेबलावरच्या गवताच्या तेलाकडे गेली. बाटली उजेडात फिरवली. बुडाशी लवंग तेलाच्या लेबलाचा खरवडायचा राहिलेला तुकडा होता. मग त्यांनी ती माझ्या नाकाखाली धरली.

"मॅडम, लवंग आहे?"

"आहे, सर."

सरांनी तोंडातली लवंग काढून कागदात गुंडाळली. वर्षानुवर्षं गालात असलेली, म्हणून नाकाला ती दिसतच नव्हती. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी गप्प राहिले असते. खरं सांगते, सरांनीही राहावं असं मला वाटलं. पण त्यांनी पिशवी उचलली आणि मला घेऊन मोखाड्याची एसटी पकडली.

पोशेऱ्याच्या अंगणात गाव जमलं. सर कुंपणापाशी उभे राहून म्हणाले, "चूक माझी आहे. बाटली माझी होती. तुमचं गवत साधं आहे." काशिनाथभाऊ खाली बघत होते. मला रडू येत होतं.

काशिनाथभाऊंच्या आईनं विचारलं, "मग चाहात घालाया चालंल ना?"

"चालेल."

"मग बसा की." तिनं कुंपणात हात घालून पाती कापली आणि सगळ्या गावाला कोरा चहा पाजला.

पुढच्या खेपेस सरांनी चक्क कोरी बाटली विकत आणली. आता अहवालात युजेनॉल नव्हतं. अभिक्रिया झाली, हाती चार थेंब आले. आठ दिवस लवंग सोडलेल्या सरांनी हुंगलं आणि बाटली काशिनाथभाऊंना दिली. ते म्हणाले, "सकाळी मोहाची फुलं पडलेली असतात ना सर, तसं वाटतं."

"मग व्हायोलेटही तसंच असणार," सर म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला हवं तितकं हुंगू दिलं. दोनदा वास आला, तिसऱ्यांदा गायब. मी घाबरले. सर हसले. "हा वास नाकाला थकवतो. झाकण लावून थांबा, परत येतो."

सर निवृत्त होऊन मुलाकडे नाशिकला गेले. ती बाटली माझ्या खणात आहे, ठळक लेबल लावलेली. प्रयोगशाळा रिकामी असली की मी ती उघडते, तिसऱ्यांदा वास गेला की झाकण लावून थांबते. तेव्हा सरांची फार आठवण येते. थोड्या वेळानं वास परत येतो. सर काही अजून आलेले नाहीत. फोनवर मात्र दर वेळी विचारतात, बाटली धुऊन नाही ना टाकली.