रेंज नसतानाची चिठ्ठी

भुताखेतांच्या गोष्टींवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, तीही कॉम्प्युटरची... म्हणून हे लिहायला संकोच वाटतो.

मुरबाड तालुक्यात, टोकावड्याहून आत आमचं गाव. मी घरूनच सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. त्या वेळी काम होतं ॲम्ब्युलन्स बोलावण्याच्या ॲपचं. एक तपासणी म्हणजे एक टेस्ट केस, आणि मला त्यांचे गट लावायचे होते. पहिला गट पास झाल्याशिवाय ॲप लोकांकडे जात नाही. बाकीचे गट सवडीने.

"पहिला ग्रुप छोटा ठेव," सर फोनवर म्हणाले. "अख्खं मुरबाड कोंबू नकोस त्यात! उद्या रिलीज आहे. तुझं पर्मनंट यावरच ठरेल."

दुपारी लाईट गेली, बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडला. आई भात झोडायला खळ्यावर. मी केसेस चिठ्ठ्यांवर लिहून जमिनीवर गट मांडले. उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक चिंचोका. 'रेंज नसताना मागितलेली मदत जपून ठेवणे, रेंज येताच पाठवणे' ही केस वेळखाऊ, म्हणून शेवटच्या गटात टाकली.

पाणी पिऊन आले, तर ती पहिल्या गटात. वाटलं, माझीच चूक. परत ठेवली, दाराला कडी लावून वळले — पुन्हा पहिल्या गटात, वर चिंचोका. वाऱ्याने चिठ्ठी सरकेल, पण चिंचोका कोण ठेवणार? मी तो उचलला. गरम होता... कुणी मुठीत घट्ट धरून ठेवल्यासारखा.

दादा शाळा सोडून शेतात राबला, म्हणून मी शहापूरला कॉलेज केलं. सिद्धगडाच्या अंगाच्या शेतावर त्याला साप चावला तेव्हा तो एकटाच होता. तिथे रेंज नाही. सापडला तेव्हा फोन त्याच्या मुठीत होता.

सर चिडले तर चिडोत, म्हणून चिठ्ठी तिथेच राहू दिली.

लाईट आल्यावर आधी तीच केस चालवली. फेल! मागितलेली मदत पुसलीच जात होती. "हे आधी घ्यायला कोणी सांगितलं तुला?" सर ओरडले, मग त्यांनीही ती केस चालवून पाहिली. रिलीज थांबलं.

दुरुस्ती झाली त्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. वाटलं, घाबरेल. ती केसांतला भुसा झटकत म्हणाली, "आता रेंज आली का आपसूक जाते ना गो हाक?"

"जाते."

"मग त्याला सांग की तसं. मला नाय त्या मशीनमधलं समजत."

चिठ्ठी कशी सरकली, चिंचोका गरम का होता, ते मला आजही सांगता येत नाही. त्या संध्याकाळी मात्र मी आईसमोर, कुणीच नसलेल्या ओटीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "दादा, हाक जाते रे आता."