साफ केलेली गाणी

माझ्या मित्राची शेवटची गाणी मी सुंदर अक्षरात वहीत उतरवून घेतली आणि मूळ कागद रंगकामाच्या बोर्डांखाली अंथरले. मूर्खपणा एवढाच, एका वाक्यात मावतो. करायला मात्र चांगला महिनाभर लागला, आणि तो महिनाभर मी स्वतःवर इतका खूश होतो की आरशासमोर दाढी करताना स्वतःलाच 'वा' म्हणायचो.

मी बोर्ड रंगवणारा माणूस. कोकणातून भोसरीला आलो तेव्हा माळावर शेडमागून शेड उभी राहत होती आणि प्रत्येक शेडला पाट्या लागायच्या. 'धोका', 'आत येण्यास मनाई', 'येथे थुंकू नये'. या पट्ट्यात माणसांना जेवढी म्हणून मनाई होती, त्यातली बरीचशी माझ्या अक्षरात होती. माझ्या खोलीच्या दारावर मी मोठ्या ऐटीत 'आर्टिस्ट' असं लिहिलं होतं. लोक दार वाजवून विचारायचे, "पेंटर हाय का घरात?"

माझा हा मित्रही तसाच आला. एका फाउंड्रीत मोल्डिंगला होता. मूळचा इथल्याच गावचा. कंपन्यांत ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातला नव्हे, कारण जायला जमीनच नव्हती. बौद्ध वस्तीत त्याची गायन पार्टी होती. पेटी तो वाजवायचा, गाणी तो लिहायचा, गायचाही तोच. मराठवाड्यातून आलेला, लेथवर काम करणारा एकजण ढोलकीला होता. कोरसला शिफ्टप्रमाणे बदलणारी माणसं.

"जयंतीला पडदा पायजे," तो म्हणाला. "पार्टीचं नाव लांबनं वाचता आलं पायजे."

मी निळ्या ऑइलपेंटात हातभर उंचीची अक्षरं काढली, आणि ती वाळायच्या आत पडदा नेऊन बांधला, कारण मला माझं काम गर्दीला दाखवायची घाई. तो पांढराशुभ्र शर्ट घालून गायला बसला, रंगात आला आणि मागे रेलला. दुसऱ्या गाण्याला उठला तेव्हा पार्टीचं अर्धं नाव त्याच्या पाठीवर उलटं उमटलेलं. ढोलकीवाला माईकसमोरच म्हणाला, "आता घरी जातानाबी जाहिरात करीत जा!" सगळी वस्ती हसली. तोही हसला. शर्ट एकच चांगला होता त्याच्याकडे, हे मला पुढं कळलं. पण त्या दिवसापासून मी पार्टीतला.

गाण्याचं म्हणाल तर मला कानच नाही. त्यांनी आधी मला झांज दिली. एका गुरुवारी दिली आणि पुढच्या गुरुवारी काढून घेतली. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून तालीम त्या दिवशी, विहाराच्या ओट्यावर, दुपारच्या जेवणानंतर. मग मला कोरसमध्ये बसवलं. ढोलकीवाल्याने अट घातली होती, "ओठ हलीव, आवाज काढू नको." मी बरीच वर्षं तसा गायलो. खेडला, चाकणला, तळवड्याला, ट्रकच्या हौद्यात बसून जायचं, भाकरी-खर्डा खायचा, ओठ हलवायचे आणि परत यायचं. उरलेल्या वेळात मी त्यांचे चेहरे काढायचो. त्याचे डोळे मिटलेले, गळ्याची शीर ताणलेली. गाणं काय चाललंय याकडे माझं लक्ष नसायचं. गाणारा कसा दिसतो याकडे असायचं.

ही गोष्ट मी तेव्हा गुण समजत होतो.

त्याची गाणी कागदावर फारशी नसतच. तो म्हणायचा आणि बाकीचे तोंडपाठ करायचे. १९८० सालाच्या आसपास त्याला धाप लागायला लागली. आधी पायऱ्या चढताना, मग पेटीचा भाता हलवताना, मग नुसतं बसल्या जागी. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा डॉक्टरांनी बोलायलाही मना केलं होतं. तेव्हा कुठं तो लिहायला लागला. ढोलकीवाला कंपनीतून पॅकिंगचा खाकी कागद आणून द्यायचा, आणि एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल. तो कुशीवर पडून लिहायचा. लिहून झालं की कागदावर बोट ठेवायचा, दुसऱ्या हाताने खाटेच्या पाटीवर टकटक करायचा. ढोलकीवाला मान डोलवायचा, स्वतःच्या मांडीवर तेच वाजवून दाखवायचा. चुकलं तर तो बोट हलवून नाही म्हणायचा. असे तासन्‌तास जायचे दोघांचे, एक शब्द न बोलता.

मी तिथंच स्टुलावर बसलेला असायचो. त्याचं नाक काढत होतो. आजारात नाक फार छान निघालं होतं त्याचं.

एकदा त्याने मला खुणेने जवळ बोलावलं, कागद पुढं केला. मी म्हटलं, "हलू नको राव, उजेड जाईल." त्याने कागद खाली ठेवला आणि निमूट बसून राहिला, मला चित्र काढू दिलं.

तो गेला त्यानंतर वहिनींनी कागदांची गुंडाळी माझ्याकडे आणून दिली. त्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायच्या. खोलीवर पत्रा होता, तो गळायचा. ढोलकीवाला चार जणांत एका खोलीत राहायचा, तिथं कागद टिकला नसता.

"भावजी, तुमच्या घरात कोरडं राहील," त्या म्हणाल्या. "वर्सभरानं कार्यक्रम ठेवायचाय. तवा ही गाणी पार्टीनं म्हणायची. मला एकदा ऐकायचीत. माझ्यासमोर लिवली आन मला एक ओळ ऐकाया मिळाली न्हाई. म्हणून दाखवा म्हटलं की नुसतं हसायचे."

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा."

घरी येऊन गुंडाळी सोडली आणि मला रडू आलं. चहाचे डाग, औषधाचे डाग. ओळींच्या वरखाली लाल-निळ्या तिरक्या रेघा, मधेच गोल, गोलाला शेपट्या. मला वाटलं, हात थरथरत असणार बिचाऱ्याचा, पेन्सिल घसरत असणार. काही ठिकाणी एकच ओळ तीनतीनदा लिहिलेली. तापात विसरला असेल. इतक्या मोठ्या माणसाची गाणी अशा अवस्थेत लोकांपुढे जावीत? माझ्यातला आर्टिस्ट उठून बसला.

पुण्याला जाऊन जाड बांधणीची वही आणली. काळी शाई, शीर्षकाला लाल. प्रत्येक पानाच्या कडेला पिंपळाच्या पानांची नक्षी. डाग वगळले, रेघा वगळल्या, गोल वगळले. तीनदा आलेली ओळ एकदाच घेतली. मुखपृष्ठावर त्याचा चेहरा, नाकासकट. एकेक गाणं उतरवून झालं की त्याचा खाकी कागद मोकळा व्हायचा. खाकी कागद जाड असतो, तेल चांगलं पितो. मी बोर्ड जमिनीवर आडवे टाकून रंगवायचो, तेव्हा फरशीवर ओघळ पडू नयेत म्हणून खाली काहीतरी लागायचंच. आता सगळं वहीत आलंय, मग काय हरकत आहे? एका कंपनीची मोठी ऑर्डर होती त्या महिन्यात. त्याच्या गाण्यांवर मी 'सुरक्षा प्रथम' रंगवलं.

स्मृतिदिनाच्या आदल्या गुरुवारी वही रेशमी फडक्यात बांधून विहारात नेली. कोरसवाले सगळे भोवती गोळा झाले. अक्षर बघून एकाने तर वहीला हात लावायच्या आधी विजारीला हात पुसले. मला वाटलं, माझ्या आयुष्याचं सार्थक झालं.

ढोलकीवाल्याने पानं उलटली. परत पहिल्यापासून उलटली. मग वही उलटी धरून झटकली, आतून काही पडतंय का बघायला.

"खुणा कुठंयत?" तो म्हणाला.

"कसल्या खुणा?"

"लाल रेघ म्हंजी वर जायाचं. निळी म्हंजी खाली उतरायचं. गोल आला की ढोलकी बंद, शेपूट असंल तर दम खाऊन उचलायची. ओळ तीनदा लिव्हली तर तीन वेगळ्या चाली. म्या आन त्यानं बसून ठरवल्या होत्या. तू तिथंच तर व्हतास की!"

"ते डाग होते," मी म्हटलं. "मी साफ केले."

"मूळ कागद आण."

मी रेशमी फडक्याची घडी घालायला लागलो. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि मग त्याने ढोलकीची दोरी सैल करायला घेतली.

आम्ही दोघं माझ्या खोलीवर गेलो. फरशीवरचे कागद रंगाने चिकटून एकजीव झाले होते. त्याने चाकूने सोडवायला सुरुवात केली, मी टर्पेंटाइन लावायला. टर्पेंटाइनने रंग निघाला आणि पेन्सिलही निघाली. "हात लावू नको तू," तो म्हणाला. मी बाजूला बसलो. काही कागद ऑर्डरसोबत बोर्डांच्या मधे घालून गेले होते, ओरखडे पडू नयेत म्हणून. त्या कंपनीच्या गेटवर जाऊन विचारलं. वॉचमन म्हणाला, पॅकिंग जाळतो आम्ही.

"तुला काहीतरी आठवत असेल की," मी ढोलकीवाल्याला म्हटलं.

"खुणा कशा वाचायच्या ते आठवतंय. कुठं काय व्हतं ते कसं आठवंल? त्यासाठीच तर लिव्हलं होतं त्यानं." मग म्हणाला, "आपल्याला चाल माहीत असलेली गाणी आपण म्हणू की रे. शंभर हायत." पण वहिनींना ती शंभर नको होती, हे त्यालाही ठाऊक होतं.

एक कागद अर्धा वाचला. वरच्या चार ओळी, खुणांसकट. खाली राखाडी रंगाचा ओघळ.

स्मृतिदिनाला वस्ती जमली. वंदना झाली, चार माणसं त्याच्याबद्दल बोलली. मग पार्टी बसली. पेटीवर कुणी नव्हतं, ती नुसती मधे ठेवली होती. ढोलकीवाल्याने तो अर्धा कागद समोर पसरला आणि स्वतःच गायला लागला. त्याला मी कधी गाताना ऐकलं नव्हतं. आवाज जाड, खरबरीत. पण पहिली ओळ वर चढली आणि कुठंतरी अचानक सोडून दिल्यासारखी खाली आली, तशी समोर बसलेल्या वहिनींनी पदर तोंडाला लावला. ती चाल त्याचीच होती. दुसरं कुणी ओळ अशी सोडून देतच नव्हतं. दुसरी ओळ झाली. तिसरी झाली. ढोलकी बंद पडली, आणि दम खाऊन उचलली गेली. मीसुद्धा, आयुष्यात पहिल्यांदा, नीट ऐकत होतो. माझे ओठ हलत नव्हते.

चौथ्या ओळीनंतर तो थांबला. लोकांना वाटलं, खुणेचीच जागा असेल. सगळे वाट बघत राहिले. त्याने कागद उचलून घडी केला, खिशात ठेवला आणि उठून बाहेर नळावर गेला.

वही वहिनींच्या ट्रंकेत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्या ती दाखवतात. लोक अक्षराचं कौतुक करतात, त्या ऐकून घेतात. त्या दिवसाबद्दल त्या मला कधी रागाने बोलल्या नाहीत. मलाच ते सहन होईना. एकदा, कँटीनमधून सुटून त्या बसची वाट बघत उभ्या होत्या, तेव्हा मी जवळ जाऊन म्हटलं, "वहिनी, एकदा मला शिव्या तरी द्या."

त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. बस येताना दिसली तसं रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, "शिव्या देऊन काय व्हणार? मी पोरांना सांगून ठेवलंय, मी मेल्यावर माझ्या लुगड्याचं चिंधुक जरी राहिलं तरी पेंटरकडं जपायला देऊ नका."